ट्रेलर-कर्षण, हिवाळी
ट्रेलर-कर्षण, हिवाळी : स्वतःचे एंजिन नसलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याचे चाकांवरील वाहन म्हणजे ट्रेलर. ज्याला छप्पर व चारी बाजूंनी भिंती असतात त्याला बंदिस्त ट्रेलर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत हिमगाड्या, शर्यतीच्या मोटारी, कारागिरांची अवजारे, घरसामान इत्यादींची ने-आण करण्यासाठी असे ट्रेलर सर्रास वापरले जातात. ते ओढण्यासाठी मालवाहू पिकअप किंवा एसयूव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच, दणकट व बहुधा चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या मोटारी वापरतात. हिवाळ्यात रस्त्यावर हिम व बर्फ साचते, तेव्हा हे काम उन्हाळ्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे होते. अशा वेळी एंजिनाच्या शक्तीपेक्षा टायर व रस्ता यांमधील घर्षण महत्त्वाचे ठरते. चतुश्चक्र-चालनामुळे मोटारीची ओढण्याची क्षमता वाढते, पण थांबण्याची क्षमता वाढत नाही. या विषयातील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

ओढण्याची क्षमता व तिचा अर्थ : मोटारीचे उत्पादक प्रत्येक प्रतिमानासाठी ट्रेलरचे कमाल वजन ठरवून देतात. त्याबरोबरच भरलेल्या मोटारीचे कमाल वजन, मोटार व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन, प्रत्येक आसावरील कमाल भार आणि जोडणीवरील कमाल भार अशा मर्यादाही असतात. यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती खरी मर्यादा होय. मोटारीत माणसे व सामान भरल्यावर ट्रेलरची परवानगी असलेली वजनमर्यादा बहुधा जाहिरातीतील आकड्यापेक्षा कमी होते. यासाठी भरलेली जोडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसावरील भार मोजणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

हे आकडे कसे ठरतात हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत यासाठी 'एसएई जे२८०७' हे मानक २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील चढाची प्रमुख कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या सु. १८ किमी. लांबीच्या चढावर आधारलेली असून ती सु. ३८° से. किंवा त्याहून अधिक तापमानात घ्यावयाची असते. एंजिन तापू न देता ठराविक वेगाने चढ पार करता येतो की नाही, हे तीवरून कळते. म्हणजेच ओढण्याच्या क्षमतेचा आकडा कोरड्या रस्त्यावरील असून बर्फावर त्याचा आधार घेता येत नाही.

घर्षण : टायर रस्त्यावर जास्तीत जास्त किती बल लावू शकेल हे टायरवरील भार व घर्षण गुणक यांच्या गुणाकाराइतके असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणक सु. ०.७ ते ०.८, ओल्या रस्त्यावर ०.४ ते ०.५, दाबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. वितळण्याच्या बेतातील, म्हणजे ०° से.च्या आसपासचा बर्फ हा कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. त्यामुळे हवा किंचित उबदार झाली म्हणून चालकाने निर्धास्त होणे चुकीचे ठरते.

थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व घर्षण गुणकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ६० किमी. वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या वाहनाला, सर्व चाकांचे ब्रेक पूर्णपणे उपयोगी पडले तर, ०.७ गुणक असलेल्या रस्त्यावर सु. २० मी., ०.२ गुणक असलेल्या हिमावर सु. ७१ मी. व ०.१ गुणक असलेल्या बर्फावर सु. १४२ मी. अंतर लागते. चालकाला धोका उमगून त्याने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर या प्रत्येक अंतरात आणखी सु. १७ मी. मिळवावे लागतात.

टायरपाशी असलेले हे घर्षण ओढणे, थांबणे व वळणे या तिन्ही कामांत वाटले जाते. ब्रेक लावताना ते सगळे खर्ची पडल्यास वळण्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून निसरड्या रस्त्यावर वळणाच्या आधीच वेग कमी करावा लागतो.

चढ व उतार : पुढील उदाहरणावरून या विषयाचे मर्म स्पष्ट होईल. २,५०० किग्रॅ. वजनाची एसयूव्ही व ३,००० किग्रॅ. वजनाचा भरलेला ट्रेलर अशी एकूण ५,५०० किग्रॅ.ची जोडी घेऊ. ट्रेलरच्या वजनापैकी ३६० किग्रॅ. भार जोडणीवर पडत असल्यास मोटारीच्या चाकांवर २,८६० किग्रॅ. व ट्रेलरच्या चाकांवर २,६४० किग्रॅ. भार येतो. शंभर मीटरमागे सहा मीटर चढाच्या रस्त्यावर जोडीला मागे खेचणारे बल सु. ३३० किग्रॅ.-भार असते. हिमातील चाकांच्या रोधासाठी आणखी ११० धरले, तर चढण्यासाठी ४४० किग्रॅ.-भार इतके बल लागेल. घट्ट हिमावर, गुणक ०.२ मानल्यास, चारही चाके ओढत असताना ५७२ किग्रॅ.-भार बल उपलब्ध होते व जोडी चढून जाते. केवळ मागील चाके ओढणारी तशीच मोटार सु. ३५० किग्रॅ.-भार बल लावू शकते व चढावर अडकते. बर्फावर मात्र चारही चाकांचे मिळून २८६ किग्रॅ.-भार बल मिळते आणि एंजिन कितीही शक्तिशाली असले तरी जोडी चढू शकत नाही.

चढ पार केलेल्या मोटारीपुढे नंतर तितकाच उतार येतो. ट्रेलरचे ब्रेक बंद पडले आहेत असे समजू. घट्ट हिमावर मोटारीच्या ब्रेकचे ५७२ किग्रॅ.-भार बल उपलब्ध असते. त्यातील ३३० उताराचा ओढा थोपविण्यात खर्च होते व ५,५०० किग्रॅ.ची जोडी थांबविण्यासाठी केवळ २४२ उरते. ताशी ४० किमी. वेगापासून थांबण्यास अशा वेळी सु. १४० मी. लागतात. ट्रेलरचे ब्रेक नीट चालू असतील, तर एकूण बल १,१०० किग्रॅ.-भार होते आणि हेच अंतर सु. ४५ मी. होते. बर्फावर फरक याहून गंभीर आहे. एकट्या मोटारीच्या ब्रेकचे बल २८६ किग्रॅ.-भार, तर उताराचा ओढा ३३० किग्रॅ.-भार असतो, म्हणजे जोडी थांबणारच नाही, तिचा वेग वाढतच जाईल. (या हिशेबात चाकांचा रोध व हवेचा रोध धरलेले नाहीत.) ज्या चतुश्चक्र-चालनाच्या जोरावर चालक खिंडीच्या माथ्यावर पोहोचला, त्याचा उतारावर थांबण्याच्या कामी काही उपयोग नसतो. प्रत्येक मोटारीला चारही चाकांचे ब्रेक असतातच. ट्रेलरचे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांनीच थोपविले पाहिजे.

जोडणीवरील भार व भारवाटप : बैलगाडीत माल मागे अधिक भरला, तर ती उलाळते व जू वर उचलले जाते, पुढे अधिक भरला, तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. ट्रेलरची स्थिती तशीच असते. उत्तर अमेरिकेतील प्रघातानुसार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर पडावा लागतो. यासाठी मालाचा सु. ६० टक्के भाग ट्रेलरच्या पुढील अर्ध्यात ठेवतात, जड वस्तू आसांच्या जवळ व तळाशी ठेवतात आणि सर्व माल पट्ट्यांनी जखडून टाकतात. बंदिस्त ट्रेलरमधील माल चालकाला दिसत नाही. आत सरकलेल्या एका जड वस्तूने सगळे गणित बदलू शकते.

गोळा मोटारीच्या मागील आसाच्याही मागे असल्यामुळे जोडणीवरील भार तरफेसारखा कार्य करतो. वरील उदाहरणात मागील व पुढील आसांतील अंतर २.९ मी. व गोळा मागील आसामागे १.२ मी. असेल, तर मागील आसावरील भार सु. ५१० किग्रॅ.ने वाढतो व पुढील आसावरील भार सु. १५० किग्रॅ.ने घटतो. पुढील चाकेच मोटारीला वळवितात व ब्रेक लावताना मोठा वाटा उचलतात. म्हणून निसरड्या रस्त्यावर त्यांचे हलके होणे विशेष घातक ठरते. यावर भारवाटप जोडणी हा उपाय आहे. तिच्यातील पोलादी स्प्रिंगदांड्या ताणून मोटारीची चौकट मागून उचलली जाते व काही भार पुढील चाकांवर परत येतो. मात्र या दांड्या उत्पादकाने सांगितल्यापेक्षा अधिक ताणल्यास मागील चाके हलकी पडतात व मोटारीचा मागचा भाग घसरण्याचा संभव वाढतो.

ब्रेक : अमेरिकेतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा (सु. १,३६० किग्रॅ.) अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे, यूरोपात ही मर्यादा ७५० किग्रॅ. आहे. उत्तर अमेरिकेतील या वर्गाच्या ट्रेलरांना बहुधा विद्युत् ब्रेक असतात. चाकाच्या पिंपातील विद्युत् चुंबकातून प्रवाह गेला की, तो फिरत्या पिंपाला चिकटू पाहतो व त्याच्या ओढीने ब्रेकच्या पट्ट्या पिंपावर दाबल्या जातात. प्रवाह किती द्यावयाचा हे चालकाजवळील नियंत्रक ठरवितो. साधा नियंत्रक ठराविक काळात ठराविक प्रवाह सोडतो, तर प्रमाणबद्ध नियंत्रक मोटारीचे मंदन जोखून त्या मानाने प्रवाह कमीअधिक करतो. हिवाळ्यासाठी दुसरा प्रकार अधिक योग्य होय.

या प्रकारच्या ट्रेलरांना चाके जखडणे टाळणारी यंत्रणा सहसा नसते. त्यामुळे कोरड्या रस्त्यासाठी जुळविलेला प्रवाह बर्फावर जास्त ठरतो. ट्रेलरची चाके जखडतात आणि घसरणारे चाक बाजूचा आधार गमावत असल्याने ट्रेलर बाजूला फिरू लागतो. उलट प्रवाह फार कमी ठेवला, तर ट्रेलर मोटारीला मागून ढकलतो, मोटारीची मागील चाके घसरतात आणि चाकू मिटावा तशी जोडी जोडणीपाशी दुमडते. या दुसऱ्या अपघाताला 'जॅकनाइफ' असे नाव आहे. ट्रेलरची चाके ब्रेक लागूनही फिरत राहतील इतपत प्रवाह ठेवणे, हे यातील कौशल्य होय. त्यासाठी प्रवासाच्या आरंभी व रस्त्याची स्थिती बदलेल तेव्हा, मोकळ्या व सपाट जागी अगदी कमी वेगाने ब्रेक लावून प्रवाह नव्याने जुळवून घेतात.

ट्रेलर जोडणीतून निसटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून त्यावर एक लहान विद्युत् घटमाला व खटका बसविलेला असतो. थंडीत घटमालेची क्षमता घटते आणि पूर्ण भारित नसलेली घटमाला गोठूही शकते. त्यामुळे हिवाळ्यात तिची तपासणी वरचेवर करावी लागते. जोडणीच्या खाली सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेदून बांधतात. जोडणी तुटल्यास दांडी रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांवर तोलली जाते.

हेलकावे व वारा : ट्रेलर गोळ्याभोवती दोन्ही बाजूंस हेलकावे घेऊ लागणे हा कर्षणातील सर्वांत भीतिदायक प्रकार होय. कमी वेगात असे हेलकावे आपोआप विरतात. वेग वाढत जातो तसतसे त्यांचे संदमन कमी होते आणि एका क्रांतिक वेगानंतर ते विरण्याऐवजी वाढू लागतात. जोडणीवरील भार कमी असणे, माल ट्रेलरच्या टोकांशी ठेवलेला असणे आणि टायरमधील हवा कमी असणे यांमुळे हा क्रांतिक वेग खाली येतो. हेलकावे सुरू झाल्यास प्रवेगक सोडावा, सुकाणू सरळ धरावे, मोटारीचे ब्रेक जोराने दाबू नयेत आणि ट्रेलरचे ब्रेक तेवढे हाताने हलकेच लावावेत. वेग वाढवून हेलकावे मोडण्याचा प्रयत्न करू नये. घर्षणावर चालणारी हेलकावे-रोधक दांडी निसरड्या रस्त्यावर सैल करावी, असे तिचे उत्पादक सांगतात. कारण तेथे ती जोडीच्या वळण्यातच अडथळा आणू शकते.

बंदिस्त ट्रेलरच्या उंच भिंती शिडासारख्या असतात. ७.३ मी. लांब व २.१ मी. उंच भिंतीचे क्षेत्रफळ सु. १५ चौ. मी. भरते. तीवर ताशी ६० किमी. वेगाचा आडवा वारा आदळल्यास सु. ३५० किग्रॅ.-भार बल निर्माण होते व त्यातील बहुतांश ट्रेलरच्या चाकांना पेलावे लागते. आपल्या उदाहरणातील ट्रेलरची चाके बर्फावर जास्तीत जास्त २६४ किग्रॅ.-भार इतकाच बाजूचा आधार देऊ शकतात; म्हणजे केवळ वाऱ्यानेही ट्रेलर आडवा सरकू शकतो. रिकामा ट्रेलर अधिक सुरक्षित, हा समजही येथे खोटा ठरतो. १,५०० किग्रॅ.चा रिकामा ट्रेलर अशा वाऱ्यात घट्ट हिमावरही जागा सोडू शकतो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात लॅरमी व रॉलिन्स या गावांमधील आंतरराज्य महामार्ग क्र. ८० हिवाळी वाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. लॅरमीहून पश्चिमेकडील भाग १९७० मध्ये खुला झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यापासून तेथे वाहत्या हिमाने अडचणी निर्माण केल्या व पुढे तेथे लांबच लांब हिम-कुंपणे उभारावी लागली. वारा वाढला की, हलक्या व उंच वाहनांना तो महामार्ग आजही बंद केला जातो.

थंडीचे इतर परिणाम : बंद टायरमधील हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतो. २०° से. तापमानात ६५ पौंड प्रति चौ. इंच दाब भरलेल्या ट्रेलरच्या टायरमध्ये −२०° से.ला सु. ५४ पौंडच उरतो. म्हणून दाब थंड टायरवर व प्रवासाच्या ठिकाणच्या तापमानात तपासावा. थंडीत साध्या टायरचे रबर ताठर होते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते. अशा टायरवर तीन शिखरांचा डोंगर व हिमस्फटिक अशी खूण असते. ते मोटारीच्या चारही चाकांना असावेत.

छपरावर साचणारे हिम हा बंदिस्त ट्रेलरचा खास धोका आहे. ७.३ मी. लांब व २.६ मी. रुंद छपराचे क्षेत्रफळ सु. १९ चौ. मी. असते. त्यावर २० सेंमी. जाडीचा बसलेल्या हिमाचा थर असेल व हिमाची घनता २०० किग्रॅ. प्रति घ. मी. धरली, तर त्याचे वजन ७६० किग्रॅ. होते. त्यामुळे वजनाची मर्यादा ओलांडली जाते, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वाटेत निसटलेला बर्फाचा पत्रा मागील वाहनावर आदळून प्राणघातक ठरू शकतो. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत निघण्यापूर्वी असे हिम झाडणे कायद्याने बंधनकारक आहे.

रस्त्यावर टाकलेल्या मिठाने विद्युत् जोडण्या, ब्रेकचे चुंबक व चौकट गंजतात. ओले ब्रेक लावून ट्रेलर रात्रभर उभा केल्यास पट्ट्या पिंपाला गोठून चिकटतात; म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावून ब्रेक मोकळे ठेवतात.

चालविण्याची पद्धती : निसरड्या रस्त्यावर प्रवेग, ब्रेक व वळण यांपैकी प्रत्येक क्रिया सावकाश व एका वेळी एकच करतात. पुढील वाहनापासूनचे अंतर कोरड्या रस्त्यावरील अंतराच्या कित्येक पट ठेवतात. वेग आपोआप स्थिर राखणारी यंत्रणा बंद ठेवतात, कारण चाक घसरत असतानाही ती शक्ती पुरवीत राहू शकते. पूल जमिनीवरील रस्त्याआधी गोठतात, हे लक्षात ठेवावे लागते. उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, वेग कमी करून खालचा गिअर टाकतात. एंजिनाचा रोध केवळ चालक चाकांवर कार्य करतो. म्हणून बर्फावर एकदम फार खालचा गिअर टाकल्यास ती चाके घसरून जोडी दुमडू शकते. २०१२ च्या प्रतिमानांपासून अमेरिकेतील सर्व हलक्या मोटारींना स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा सक्तीची झाली असून काहींत ट्रेलरचे हेलकावे ओळखून ते शमविण्याचीही सोय असते. परंतु अशा यंत्रणा उपलब्ध घर्षणाचा चांगला वापर करतात. नवे घर्षण निर्माण करीत नाहीत.

नियम व रस्ता-व्यवस्था : कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना एरवीही ताशी ५५ मैलांची (सु. ८९ किमी.) वेगमर्यादा आहे. सिएरा नेव्हाडातील डॉनर खिंडीसारख्या ठिकाणी हिमवर्षावात साखळ्यांची सक्ती जाहीर होते. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला, ते चतुश्चक्र-चालित असले तरी, साखळ्यांच्या बाबतीत एकट्या मोटारीइतकी सूट मिळत नाही आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या एका आसालाही साखळ्या लावाव्या लागतात. ट्रेलरलाही थांबावयाचे असते, हे तत्त्व या नियमात मान्य केलेले दिसते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात प्रवासी मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

महाराष्ट्रात हिम पडत नसले, तरी हेच यामिकीचे नियम येथील रस्त्यांवरही लागू पडतात. ऊस गाळपाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेले दोन-दोन ट्रेलर जोडलेले दिसतात व पुष्कळदा त्यांना उपयोगी पडतील असे ब्रेक नसतात. चिखलाने माखलेल्या उतारावर अशा ट्रेलरांचा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांना थोपवावा लागतो व ती घसरली की ट्रेलर ट्रॅक्टरला ढकलत नेतात. थंड प्रदेशांत अनुभवी चालक निघण्यापूर्वी हवामान व रस्त्याची स्थिती पाहून उताराचा हिशेब आधी करतात; तो जमत नसेल, तर हिम हटवून रस्ता मोकळा होईपर्यंत प्रवास पुढे ढकलतात.